बऱ्हाणपूर : भुईतले पाणी, भिंतीवरचे आकाश

बऱ्हाणपुरास जाणारे आपले लोक बहुधा तापीकाठचा शाही किल्ला पाहून परततात. आम्ही आधी जामा मशिदीत गेलो. तेथील संस्कृत शिलालेखात शके १५११ मधील पौष शुद्ध एकादशी, नक्षत्र व योग घटिकांसह कोरले आहेत. फारुकी राजाच्या मशिदीत चक्क पंचांग! पुढे कुंडी भंडारा. सातपुड्यातून झिरपणारे पाणी १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानांच्या काळी, बोगद्यातून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. विद्या इराणच्या वाळवंटातली, कनातीची. कुंड्यांच्या रांगेवरून भुईखालची वाट वर उभ्यानेच ओळखता येते. आत मात्र पाण्यातला चुना थराथराने साचून ती वाट आवळीत आहे. किल्ल्याआधी येथे हात लागावेत, असे आम्हांस वाटते.