काहीच न करण्याचे चार दिवस

सुटी विश्रांतीसाठी घ्यायची असे आपण म्हणतो खरे, पण आपल्याकडची सहल म्हणजे घरचाच संसार उचलून दुसऱ्या गावी मांडणे. निघण्याआधी चार दिवस गृहिणी चिवडा, दशम्या आणि बॅगा यांत बुडालेली. तिथे गेल्यावर पहाटे उठून एक 'पॉइंट', दुपारी दुसरा, संध्याकाळी खरेदी. परत आल्यावर दोन बादल्या कपडे. मग वाटते, या सहलीचा शीण घालवायला आता कुठे तरी जाऊन यावे!

आमच्या घरी सासरे तीन वर्षे अंथरुणाला खिळून होते. दिवसाचे मी बघत असे, रात्रीचे सासूबाई. ते गेल्यानंतर कितीतरी महिने रात्री दोन वाजता, औषधाच्या वेळी, सासूबाईंना जाग येई आणि मग झोप लागत नसे. घरात विश्रांतीची खरी गरज कुणाला आहे, हे वेगळे सांगायला नको होते.

यांनी अंदमानला जायचे ठरवले आणि मोठ्या उत्साहाने कागदावर कार्यक्रम आखला. सहा दिवस आणि पाच बेटे! मी कागद वाचून विचारले, "अहो, यात झोपायला वेळ कुठे ठेवला आहे?"

"एवढे पैसे खर्चून जायचे आणि झोपायचे?"

"हो, झोपायलाच जायचे."

हे जरा हिरमुसले, पण कागद माझ्या हाती आला. मी चार बेटे खोडली आणि एकच ठेवले, नील. १८५७ च्या उठावात क्रूरपणासाठी कुप्रसिद्ध झालेल्या इंग्रज सेनाधिकाऱ्याचे हे नाव २०१८ मध्ये बदलले आणि बेट 'शहीद द्वीप' झाले. ते इतके लहान की सायकलवरूनही सहज फिरता येते. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची इथे वसाहत झाली, त्यामुळे भाजीचे मळे, केळी आणि नारळ भरपूर. किनाऱ्यांची नावे ऐकून तर सासूबाई एकदम तयार झाल्या : भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर! "म्हणजे यात्राच की," त्या म्हणाल्या.

विश्रांतीसाठीही आधी डोके चालवावे लागते. अंदमानात मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस असतो आणि तो संपतो न संपतो तोच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्येचा. म्हणून आम्ही फेब्रुवारी निवडला. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजय पुरम, इथे विमानाने उतरायचे आणि पुढे बोटीने जायचे. हवा बिघडली तर बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची, असे मी ठरवून टाकले. शेवटच्या दिवशी धाकधूक असेल, तर आधीची सगळी विश्रांती वाया जाते.

राहण्याच्या जागेवरून मात्र पुन्हा वाद झाला. "स्वयंपाकघर असलेली खोली घेऊ, खर्च वाचेल," हे म्हणाले. मी म्हटले, "खर्च वाचेल, पण मी वाचणार नाही." शेवटी दोन्ही वेळचे जेवण देणारी, किनाऱ्यापासून पायी पाच मिनिटांवरची साधी जागा ठरली. बॅगेत सुती कपडे, टोप्या, औषधे आणि रोख पैसे. चिवडासुद्धा घेतला नाही.

एक गोष्ट मात्र मी यादीतून खोडली नाही. १९११ मध्ये सावरकरांना जिथे आणले, ते सेल्युलर जेल. पोहोचलो त्याच दिवशी ते पाहिले. त्या अरुंद कोठडीसमोर सासूबाई बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या.

नीलवर मात्र घड्याळ बाजूला ठेवले, कारण तिथे समुद्राचेच घड्याळ चालते. हे बेट इतके पूर्वेला आहे की घड्याळ आपलेच असले तरी फेब्रुवारीत सकाळी सहाच्या आधीच उजाडते आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दिवेलागणीनंतर करण्यासारखे काही नसते, आणि तेच तर हवे होते. भरती-ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. लक्ष्मणपूरची खडकाची नैसर्गिक कमान ओहोटीलाच नीट पाहता येते. एका दिवसात बेट उरकणाऱ्यांना भरती लागली तर चुकचुकत परतावे लागते. आम्हाला घाई नव्हती. ओहोटी सोयीच्या वेळी आली त्या दिवशी गेलो. तिथले लोक या कमानीला हावडा पूल म्हणतात, हे कळल्यावर बंगाली माणसाच्या घरओढीचे हसूही आले आणि कौतुकही वाटले.

पाण्यात उतरण्याआधी मात्र फलक वाचावेत आणि स्थानिकांना विचारावे, कारण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. प्रवाळाचे तुकडे आठवण म्हणून उचलू नयेत, त्याला कायद्याने बंदी आहे.

पहिले दोन दिवस यांना चैन पडेना. "आता काय करायचे?" असे दर तासाला विचारत. तिसऱ्या दिवशी नारळाच्या सावलीत पुस्तक पोटावर ठेवून घोरू लागले. त्याच सकाळी सासूबाई चहा घेता घेता म्हणाल्या, "अगं, काल रात्री दोनला जागच आली नाही."

मी काहीच बोलले नाही. त्यांच्या कपात आणखी थोडा चहा ओतला, आणि तोही मी केलेला नव्हता.

बेट अंदमानचेच हवे असे नाही. कोकणातले एखादे खेडेही चालेल. सहल आखताना कुठे कुठे जायचे हे लिहितोच आपण. त्याआधी घरात सर्वांत जास्त कोण थकले आहे, ते लिहावे. पुढचा कागद मग आपोआप कोरा राहू लागतो.