चेन्नईची लोकल आणि माहितीची वाट

चेन्नईला गेलात तर पहिल्या दिवशी कांजीवरमची दुकानं आणि मरीना बीच उरकून घ्या. दुसऱ्या दिवसाचा अर्धा भाग मात्र माझ्या सांगण्यावरून एका लोकलसाठी राखून ठेवा. बीच स्टेशनवरून वेलाचेरीकडे जाणारी ही गाडी बराचसा प्रवास पुलावरून करते. तिकीट किरकोळ आणि गर्दी मुंबईच्या मानाने काहीच नाही. स्टेशनं एवढी मोठी आणि रिकामी की आत लग्न लावता येईल. खाली बकिंगहॅम कालवा वाहतो. त्याच्या वासाबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हाला कळेलच.

या मार्गाचा बीच ते चेपॉक हा पहिला टप्पा 1995 साली सुरू झाला. त्याच वर्षी 15 ऑगस्टला भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळू लागलं आणि सुरुवातीच्या शहरांत चेन्नईही होती. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल भारतात प्रामुख्याने दोनच शहरांच्या किनाऱ्यांना लागतात, मुंबई आणि चेन्नई. 2020 साली इथूनच अंदमानपर्यंत जवळजवळ 2,300 किलोमीटरची केबल टाकली गेली. मरीनावर सुंदल खात उभे असाल तेव्हा एवढं आठवा की समोरच्या पाण्याखालून कुणाचा तरी व्हिडिओ कॉल चाललाय.

मी गेले होते भाचीला घेऊन. ती अंबाजोगाईची. आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी करते. ही पदवी 2020 मध्ये जाहीर झाली. तिला जेईई लागत नाही, वयाची अट नाही. चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा दिली की प्रवेश मिळतो. शिकवणी घरी मोबाइलवर आणि परीक्षा मात्र नेमलेल्या केंद्रावर जाऊन. पोरगी खूश होती. पण गणिताच्या एका पेपरात ती दोनदा अडकली आणि हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं ते सोलापूर सोडल्यावर, वरच्या बर्थवरून, तोंड भिंतीकडे करून.

तर बीच स्टेशन. याच भागात बंदराची कचेरी आहे. 1912 मध्ये तिथं महिना तीस रुपयांवर एक कारकून लागला, श्रीनिवास रामानुजन. कुंभकोणमला असताना, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याच्या हाती कार नावाच्या इंग्रज शिकवणीमास्तरांचं एक उसनं पुस्तक पडलं होतं. हजारो सूत्रं, आणि सिद्धता जवळजवळ नाहीतच. त्या एका पुस्तकावर त्यानं पुढचं सगळं उभं केलं. केंब्रिजच्या दोन गणितज्ञांकडून काही मदत झाली नाही, तेव्हा 16 जानेवारी 1913 ला त्यानं हार्डींना पत्र लिहिलं. पत्र बोटीनं गेलं. उत्तर आलं म्हणून आपल्याला रामानुजन माहीत आहे.

भाची म्हणाली, "त्याला यूट्यूब मिळालं असतं तर?" मी म्हटलं, कदाचित ज्या गोष्टी आधीच सिद्ध झाल्या होत्या त्या पुन्हा शोधण्यात त्याची वर्षं गेली नसती. किंवा कदाचित तो रील्स बघत बसला असता. यावर ती हसली. प्रवासातली पहिली हसू.

चेपॉकला उतरलात की मद्रास विद्यापीठ. 1924 मध्ये इथं पहिले ग्रंथपाल नेमले गेले ते मुळात गणिताचे प्राध्यापक होते, एस. आर. रंगनाथन. नुसतं पुस्तकांची राखण करत बसायचं म्हणून त्यांना सुरुवातीला या नोकरीचा कंटाळा आला होता. मग ते लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आले आणि 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांचा मथितार्थ असा: पुस्तक वापरण्यासाठी असतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, आणि ग्रंथालय वाढत राहणारी गोष्ट आहे. आता यातल्या पुस्तकाच्या जागी वेबसाइट घालून बघा. पहिल्या दोन बाबतीत इंटरनेटनं रंगनाथनांना मागे टाकलंय. वेळेच्या नियमावर मात्र तुम्ही रात्री साडेअकराला कशासाठी फोन हातात घेतला होता आणि एक वाजता काय बघत होतात, ते आठवा.

भूक लागली असेल तर पुढचंच स्टेशन तिरुवल्लिक्केणी, म्हणजे ट्रिप्लिकेन. तिथं रत्ना कॅफेत इडली सांबारात अक्षरशः बुडवून देतात. आमच्या शेजारच्या टेबलावर एक मराठी कुटुंब होतं. वडिलांनी फोन काढून मुलांना वाचून दाखवलं की सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं, तंजावरच्या मराठी राजवाड्यात ते पहिल्यांदा शिजलं. गोष्ट गोड आहे आणि आपल्या सगळ्यांच्या फोनवर कधी ना कधी आलेली आहे. पण दहा ठिकाणी उघडून बघा. तोच परिच्छेद, त्याच चुका, एकमेकांवरून उतरवलेल्या. तंजावरच्या मराठी दरबाराचे मोडी लिपीतले ढीगभर कागद अजून आहेत. सांबाराचा खरा जबाब त्यांनी द्यायला हवा, आणि त्यासाठी आधी मोडी वाचणारं माणूस हवं. मी त्या वडिलांना काही बोलले नाही. मुलं आनंदानं खात होती.

पुढे गाडी अड्यार नदी ओलांडते. डिसेंबर 2015 मध्ये ही नदी कोट्टूरपुरमच्या घरांत शिरली होती. 2 डिसेंबरला 'द हिंदू' छापला गेला नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचूच शकले नाहीत. 1878 पासूनच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं. त्या दिवसांत कुठं बोट आहे, कुठं जेवण मिळतंय, कोण गच्चीवर अडकलंय, याच्या याद्या लोकांनी फोनवरूनच चालवल्या. जीव वाचले. त्याच फोनांवरून अशीही बातमी फिरली की मगरींच्या प्रकल्पातून मगरी निसटून शहरात आल्या आहेत. प्रकल्पाला जाहीर सांगावं लागलं की आमच्या सगळ्या मगरी जागेवर आहेत. कंबरभर पाण्यात उभ्या माणसानं दोन्ही संदेश एकाच हिरव्या चौकोनात वाचले असतील.

कोट्टूरपुरमला मात्र उतराच. इथं अण्णा शताब्दी ग्रंथालय आहे, 15 सप्टेंबर 2010 ला उघडलेलं, तळमजल्यावर आठ मजले. 2011 मध्ये सरकारनं त्याचं मुलांचं रुग्णालय करायचं ठरवलं आणि मद्रास उच्च न्यायालयानं ते थांबवलं. लहान मुलं बरोबर असतील तर पहिल्या मजल्यावर त्यांचा विभाग आहे, खोट्या झाडाखाली बसून वाचायला. अंधांसाठी ब्रेल विभाग आहे. पण मला सगळ्यात आवडली ती एक साधी सोय. स्वतःची पुस्तकं घेऊन या, बसा, वाचा. ओळीनं मुलंमुली बसलेली, समोर स्पर्धा परीक्षेचे गठ्ठे, पाण्याच्या बाटल्या, बहुतेकांचे फोन पालथे.

भाची दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी इथंच बसते. तू जा."

तेव्हा मला कळलं की दोनदा पेपर का अडकला. तिच्या घरी दोन खोल्या. एकीत टीव्ही, दुसरीत आजोबा. सगळे झोपल्यावर, अकरानंतर, ती पडद्याचा उजेड कमी करून व्याख्यानं बघायची. व्याख्यानं उत्तम आहेत. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेनं मिळून 2003 मध्ये एनपीटेल सुरू केलं तेव्हापासून या देशात कुणालाही आयआयटीचा वर्ग फुकट बघता येतो. कितीतरी व्याख्यानांचा मजकूर आता मराठीतही मिळतो. अंबाजोगाईपर्यंत प्राध्यापक पोहोचला, खुर्ची पोहोचली नाही. आमच्या घरात कुणाला हे सुचलंही नव्हतं. फोन घेऊन दिला, महिन्याचं रिचार्ज केलं, झालं आपलं काम, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मी एकटी पुढे गेले. आयआयटीच्या दारापाशी थोडी थांबले. आत हरणं आहेत आणि माणसांना मात्र सहज सोडत नाहीत. इथल्याच एआयफॉरभारत या प्रयोगशाळेत मराठीसह 22 भारतीय भाषांसाठी भाषांतराची साधनं तयार होतात. पण यंत्र शिकणार कशावरून? त्या भाषेत कुणीतरी आधी लिहून ठेवलं असेल तरच. तमिळ लोकांना हे लवकर उमगलं. 1998 च्या पोंगलला 'प्रोजेक्ट मदुराई' सुरू झाला. जगभरच्या तमिळ स्वयंसेवकांनी जुने ग्रंथ घरी बसून टंकले आणि मोफत ठेवले. पुढच्याच वर्षी चेन्नईत परिषद भरून तमिळ कीबोर्डचा नमुना ठरला. मराठी विकिपीडिया तमिळच्या काही महिने आधी, 1 मे 2003 ला सुरू झाला. आज लेख तमिळमध्ये जास्त आहेत, हे सांगताना मला फारसा आनंद होत नाही.

तारामणीत रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालय आहे. कारैकुडीजवळच्या कोट्टैयूर गावात दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक माणूस जुनी पुस्तकं, मासिकं, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिकासुद्धा गोळा करत राहिला. 1992 मध्ये तो गेला तेव्हा साधारण लाखभर वस्तू घरात होत्या. शिकागो विद्यापीठानं तो संग्रह विकत घेतला, पण चेन्नईतच ठेवला. आज जगभरचे अभ्यासक तो वापरतात. आपल्याकडेही असं झालंय. गी पॉतवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून जमवलेल्या लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या 2017 पासून 'परी'च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. ऐकून बघा. एखादा आवाज तुमच्या आजीच्या गावचा निघेल.

एक जागा या लोकलवर नाही, पण मराठी माणसानं चुकवू नये. एग्मोरचं कन्नेमारा ग्रंथालय, 1896 चं, रंगीत काचांचं. 1954 च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवायची, त्यांतलं हे एक. म्हणजे तुमच्या गावच्या कवीचा संग्रहसुद्धा. गेलात तर नाव सांगून विचारा.

संध्याकाळी कोट्टूरपुरमला परतले तेव्हा भाची जिथं सोडली तिथंच होती. शेजारच्या मुलीकडून तिनं पेन मागून घेतलं होतं. एकीला तमिळ, दुसरीला मराठी, गणित दोघींना तेवढंच. एका कागदावर दोघींची अक्षरं होती.

घरी येऊन तिनं आईला पेपरचं सांगितलं. रडारड झाली. आता ती बसस्टँडजवळच्या अभ्यासिकेत सकाळी सात ते अकरा बसते. महिन्याची फी मी भरते. पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा परीक्षा आहे.