टाचणी लावलेली पाने

आमची चाळ पुनर्विकासात गेली. संक्रमण शिबिरातल्या खोलीत सामान हलवायचे म्हणून माळा रिकामा करायला काढला. पितळी पिंप, आईने शिवलेल्या गोधड्या आणि दादाच्या जुन्या डायऱ्या यांच्या मागे एक पत्र्याची पेटी निघाली. दादाच्या नातीने ती उघडली. आत माझी एकोणीस इंग्रजी पुस्तके. बहुतेकांची मुखपृष्ठे गेलेली. एकावर तेवढे चित्र शिल्लक होते : झगा घातलेली गोरी तरुणी आणि मागे घोडागाडी.

"आजी, तू हे वाचायचीस?" नात हसू लागली. मग एक पुस्तक चाळताना ती थांबली. "आणि या पानांना टाचणी का लावलीय?"

टाचणी गंजली होती. तिचा तांबूस डाग पानांच्या आरपार गेला होता. मी म्हटले, "चहा टाक. सांगते."

वाचक बंधू-भगिनींनो, चाळीस वर्षे ही पेटी मी कुणाला दाखवली नाही. गिरणी कामगाराची मुलगी, नर्सची नोकरी करणारी बाई, आणि वाचते काय तर इंग्रज लॉर्डांच्या आणि लेडींच्या लग्नाच्या गोष्टी! लोक हसतील असे वाटायचे. आता निवृत्त झाले आहे, लाजायचे वय उरलेले नाही. तेव्हा नातीला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगते.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. बाबा साचेखात्यात होते, दादा बदली कामगार. दोघेही घरी बसले. घरात पैसा यायचा तो माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाचा स्टायपेंड आणि आई चार घरची धुणीभांडी करी त्याचा. दादा रोज सभेला जायचा. बाबा बोलेनासे झाले होते. संप कधी मिटेल, कसा मिटेल, कुणालाच माहीत नव्हते.

रात्रपाळीला आमच्या वॉर्डात एक वयस्क सिस्टर असत. अलिबागकडच्या, बेने इस्रायली. बोलणे अस्सल कोकणी मराठी. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावात त्या लोकांना शनिवार तेली म्हणत. पहाटे तीनच्या सुमारास वॉर्ड शांत झाला की सिस्टर टेबलाच्या दिव्याखाली पुस्तक उघडीत आणि रुमाल तोंडावर धरून हसत. आजूबाजूला कण्हणारे पेशंट आणि ही बाई हसते कशाला? एकदा धीर करून विचारले. त्यांनी पुस्तकच माझ्या हातात दिले. म्हणाल्या, "शब्द अडला तर पुढे जा. गंमत अडणार नाही. टाचणी लावलेली पाने तेवढी सोड."

पुस्तकाचे नाव 'द ग्रँड सोफी'. लेखिका जॉर्जेट हेयर.

या जातीच्या पुस्तकांना रीजन्सी कादंबरी म्हणतात. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनाच्या आजाराने राज्य करण्यास असमर्थ झाला, तेव्हा १८११ ते १८२० त्याच्या मुलाने रीजंट म्हणजे राजप्रतिनिधी म्हणून कारभार पाहिला. तो हा काळ. जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ सालची, त्याच काळात प्रसिद्ध झालेली. हेयरबाई मात्र आपल्या शतकाच्या जवळच्या. जन्म १९०२, मृत्यू १९७४. धाकट्या भावाला हिमोफिलिया होता. आजारी भावाचे मन रमावे म्हणून तिने एक गोष्ट रचली. तीच १९२१ साली 'द ब्लॅक मॉथ' या नावाने पुस्तक होऊन आली. १९२५ साली वडील गेले आणि भावांचा भार तिच्यावर पडला. पुढे कितीतरी वर्षे तिच्या लेखणीवर घर चालले. त्या काळातल्या गाड्या, कपडे, तरुण पोरांची टवाळ बोली यांची टिपणे तिने वह्या भरभरून काढली होती. म्हणजे पुस्तके हलकीफुलकी, पण ते हलकेपण कष्टाने आणलेले. फुलक्यासारखे. खाणाऱ्याला फुगलेला दिसतो, पीठ मळणाऱ्याचे मनगट दिसत नाही.

गोष्ट अशी. सोफी नावाची उंच, धीट मुलगी लंडनला आत्याच्या घरी येते. बरोबर कुत्रा, पोपट आणि माकड. आत्याच्या घरात सगळे दबून असतात. कर्जाने पिचलेले घर, थोरला मुलगा तापट, त्याची वाग्दत्त वधू सदा उपदेश करणारी. सोफी एकेकाचा गुंता सोडवत जाते, तोही असा की ज्याचा गुंता सुटतो तोच तिच्यावर चिडतो!

मला डिक्शनरी घेऊन वाचायला महिना लागला. घरी आले की आईला सांगायची. आईला अक्षर येत नव्हते, पण गोष्ट ऐकायची हौस मोठी. रात्री भांडी पालथी घालून ती भिंतीला टेकून बसे आणि म्हणे, "हां, काल कुठवर आलतो?" शेजारच्या दोघीतिघी उंबऱ्यात येऊन बसत. धाकट्या बहिणीसाठी ठरलेल्या लॉर्डसाहेबांना ऐन मागणी घालायच्या वेळी गालगुंड होते, हे सांगितले तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "एवढा मोठा लाट आन् गालफड सुजल्यालं!" पलीकडे तोंड करून निजलेले बाबाही हलल्यासारखे वाटले.

टाचणी लावलेली पाने सोडायची होती. पण विशीतल्या पोरीला टाचणी दिसल्यावर राहवते का? मी ती काढली.

त्या पानांत सोफीचा कॉलेजातला आतेभाऊ एका सावकाराच्या जाळ्यात सापडलेला आहे. पाचशे पौंड कर्ज आणि वर भयंकर व्याज. सोफी एकटी त्या सावकाराच्या अंधाऱ्या खोलीत जाते, पिस्तूल रोखते, मुद्दल देते, व्याजाचा पैसा देत नाही आणि कर्जाचा कागद घेऊन परत येते. प्रसंग असा की वाचताना मुठी वळाव्यात. पण तो सावकार लेखिकेने ज्यू दाखवला आहे. त्याचे नाक, त्याचे केस, त्याचा मळकट वेश, त्याचा लोचटपणा, सगळे त्याच्या जन्माच्या खाती मांडले आहे. पुस्तक १९५० सालचे. हिटलरने साठ लाख ज्यू मारले, ते महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती.

मी टाचणी होती तशी लावली. ज्या हातांनी सिस्टरने ती लावली असेल ते हात डोळ्यांपुढे आले. जन्मावरून माणसाला घाण ठरवणारे वाक्य कुठे लागते, हे आमच्या घरात कुणाला शिकवावे लागत नाही.

पण आईला तो प्रसंग मी सांगितला. सावकाराची जात गाळून सांगितला. गिरणीच्या दारात पगाराच्या दिवशी व्याजवाले उभे राहत, ते आईने जन्मभर पाहिलेले. सोफीने कागद हिसकावला तेव्हा उंबऱ्यातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र चोरी केल्यासारखी बसले होते.

पुस्तक परत करताना सिस्टरना विचारले, "तुम्हाला राग येत नाही?"

"येतो की. म्हणून तर टाचणी."

"मग वाचता कशाला?"

त्यांनी पेशंटचा ताप लिहून झाल्यावर उत्तर दिले. "सतरा वर्षे रात्रपाळी करते. पहाटे तीन वाजता मला हसवणारी दुसरी बाई आण, हिला सोडते."

मग त्या पुढचे पुस्तक देत आणि मी घरी सांगे. 'अ‍ॅराबेला' १९४९ सालचे. गावाकडच्या पाद्र्याची मुलगी चांगल्या स्थळासाठी लंडनला येते. एका सकाळी तिच्या खोलीतल्या शेगडीत धुराड्यातून काळाठिक्कर झालेला एक लहान पोरगा पडतो. तेव्हा इंग्लंडात धुराडी साफ करायला लहान मुले आत चढवत. ती प्रथा खरी बंद पडली १८७५ च्या कायद्याने. अ‍ॅराबेला मालकाला हाकलते आणि श्रीमंत नायकाला त्या पोराची जबाबदारी घ्यायला लावते. मला वाटले, आई खूश होईल. ती म्हणाली, "एकाला ठिवलं. बाकीची पोरं?" थोड्या वेळाने म्हणाली, "आन् काय गं, त्या नाचाच्या जेवणाची भांडी कोण घासतं? ते काय लिवलंय का?"

लिहिलेले नव्हते. नोकर पुष्कळ, पण ते दार उघडायला आणि निरोप आणायला. त्यांचे हात सोलवटलेले कुठे दिसत नाहीत. आईचे दिसत होते.

दादाने तर मला फैलावरच घेतले. त्याला कामगारांचा इतिहास पाठ. म्हणाला, "१६ ऑगस्ट १८१९. मँचेस्टर. सेंट पीटर्स फील्ड. साठेक हजार माणसं मताचा हक्क मागायला जमली. त्यात कापडाच्या धंद्यातले आपल्यासारखेच विणकर होते. त्यांच्यावर घोडेस्वार घातले. पंधरापेक्षा जास्त माणसं मेली, शेकडो जखमी झाली. तुझ्या पुस्तकांतला तोच काळ ना? मग लॉर्डांच्या गाडीचे घोडे दिसतात, हे घोडे का दिसत नाहीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही दादाचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. मग मी का वाचत राहिले?

बाहेर काय होणार ते ठाऊक नव्हते. दिवसाचा भाव काय असेल, खोलीचे भाडे कसे भरायचे, बाबा कधी बोलतील. या पुस्तकात मात्र पहिल्या पानापासून ठाऊक असते की शेवटी सगळे नीट होणार. मधली गंमत असते ती कसे होणार याची. म्हणून अशी पुस्तके एकदा वाचून संपत नाहीत. लोक ती दहा-दहा वेळा वाचतात. ओळखीच्या वाटेने घरी जावे तसे. आणि त्यातल्या मुली तोंडाने धीट. बापाला, भावाला, लॉर्डाला चोख उत्तर देतात, आणि त्यांचे उत्तर ऐकून घेतले जाते. आमच्या उंबऱ्यातल्या बायकांना तेच आवडायचे. त्या लेडी होत्या म्हणून आवडत नव्हत्या.

पुढे हेयरबाईंच्या चरित्रातली एक हकिगत कळली. रुमानियात एक बाई राजकीय कैदी होती. तुरुंगात पुस्तक मिळत नसे. हेयरचे 'फ्रायडेज चाइल्ड' तिला आठवत होते. बारा वर्षे ती ती गोष्ट बरोबरच्या कैदी बायकांना पुनःपुन्हा सांगत राहिली आणि त्या आधाराने त्यांची डोकी ठिकाणावर राहिली. सुटल्यावर तिने लेखिकेला तसे पत्र पाठवले. गंमत म्हणजे बाई स्वतः त्या पुस्तकाला फालतूच म्हणत असत! हे वाचले तेव्हा मला उंबऱ्यात बसलेल्या आमच्या बायका आठवल्या. त्या गोष्टीने संपाचा एक दिवसही कमी झाला नाही. पण दुसऱ्या दिवशी आई चार घरी कामाला जाताना स्वतःशी पुटपुटली, "गालगुंड!" आणि हसली. तेवढे मला पुरले.

१९८८ साली सिस्टर निवृत्त झाल्या आणि मुलाकडे इस्रायलला गेल्या. जाताना सोफीचे पुस्तक मला दिले, टाचणीसकट. त्या दिवशी आईला मी खरे सांगून टाकले. सावकार कोण होता, कसा रंगवला होता आणि मी काय गाळले होते. संपात सिस्टरने आमच्या घरी तांदूळ पाठवले होते. आईला ते आठवले असावे.

"म्हंजी शिश्टरबाईंच्या माणसांस्नी तसं लिवलंय?"

"हो."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "शिवी द्यायची तर व्याजाला द्यावी. जातीला कशापायी?" आणि उठता उठता माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तवाच सांगायचं हुतंस. मी टाळ्या वाजवल्या ना."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आईला त्रास होऊ नये म्हणून मी गाळले होते. पण कशाला टाळ्या वाजवायच्या हे ठरवायचा तिचा हक्कच मी काढून घेतला होता.

२०२३ साली अमेरिकेत या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात सावकाराच्या ज्यूपणाचे ते वर्णन बदलले आहे. चांगल्या हेतूनेच केले असणार. नव्या मुलीला ते वाचावे लागू नये हे मलाही समजते. तरी मला सिस्टरची टाचणी बरी वाटते. टाचणीने पान बंद होते, पण जागेवर राहते. आत काय आहे हे वाचणाऱ्याला माहीत असते आणि हवे तेव्हा काढून बघता येते.

चहा निवून गेला होता. नातीने विचारले, "मग आता काढू टाचणी?"

"काढ. हळू काढ, पान फाटेल."

तिने नखाने टाचणी सैल केली आणि ती पाने वाचली. कपाळाला आठ्या पडल्या. मी काही बोलले नाही. वाचून झाल्यावर तिने टाचणी माझ्या हातावर ठेवली आणि पुस्तकाचे पहिले पान काढून भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने तिला हसू आले. माकड आले असणार.

पेटी संक्रमण शिबिरात आली आहे. जागा नाही, पण आहे.