गाढवीला दिसले ते



पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही कुत्र्याचे पिल्लू घरी आणले. दोन महिन्यांचे, गल्लीतल्याच कुत्रीचे. मुलांनी नाव ठेवले मोती. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चारची. पहिला आठवडा घरात दुसरा विषयच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात फडकी पुरेनात. बेळगावच्या पावसात त्याला बाहेर नेण्याचा आम्ही कंटाळा केला आणि घाण केली की वर्तमानपत्राच्या गुंडाळीने फटका द्यायला लागलो. मोती एवढेच शिकला, की आमच्यासमोर करायचे नाही. तो कपाटामागे जाऊन करू लागला.

एका संध्याकाळी खेळताना धाकटीच्या पोटरीला त्याचा दात लागून रक्त आले. पिल्लाचाच दात म्हणून सोडून देऊन चालत नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांनी रेबीजची लस सुरू केली. मोतीची अजून झाली नव्हती.

परत आलो तर थोरला तीच गुंडाळी घेऊन मोतीला बडवत होता. आजी त्याला ओढत होत्या. त्याच्या तोंडी शब्द आमचेच होते, आवाजही आमचाच.

त्या दिवसांत आमच्या कौटुंबिक प्रार्थनेत गणना पुस्तकाचे वाचन चालू होते. रात्री 22वा अध्याय आला. बलामाने गाढवीला तीनदा मारले. ती हट्टी नव्हती. वाटेत तलवार घेऊन उभा असलेला परमेश्वराचा दूत तिला दिसत होता, बलामाला नाही. थोरल्याने विचारले, "पप्पा, मोतीलाही काहीतरी होत असेल का, जे आपल्याला कळत नाही?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही त्याची क्षमा मागितली, आणि त्याने मोतीला जवळ घेतले.

उत्तर जनावरांच्या डॉक्टरांनी दिले. या वयात लघवी फार वेळ धरता येत नाही. दात येताना हिरड्या शिवशिवतात, म्हणून चावतात. मागाहून मारले तर ते कशाबद्दल, हे पिल्लाला कळतच नाही.

गुंडाळी रद्दीत गेली. झोपून उठला, जेवला, खेळला की छत्री घेऊन मोतीला अंगणात न्यायचे. तिथे केले की लगेच शाबासकी आणि चपातीचा तुकडा. चावला की मुलांनी ओरडायचे नाही, पळायचे नाही, झाडासारखे उभे राहायचे, खेळ बंद. तो जेवताना किंवा झोपलेला असताना हात लावायचा नाही. धाकटीला त्याच्याजवळ एकटे सोडायचे नाही, हा नियम मात्र आम्हां मोठ्यांसाठी.

मोती अजून चपला फाडतो. पण परवा त्याने पुन्हा घरात केले, तेव्हा थोरल्याने न बोलता फडके आणले. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

हे प्रभू, आमच्या चुकांबद्दल तू आमच्याशी धीराने वागतोस. आमचा हात उगारला जाण्याआधी आमचे डोळे उघड. आमेन.