आकडा वाढला म्हणजे आजार वाढला का?

माझी आत्या चारबागच्या रेल्वे वसाहतीत राहते. तिच्या मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पोचला आहे. केमोथेरपीला महिना झाला तेव्हा तिच्या रक्तातील सीईए 38 वरून 61 नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटरवर गेले आणि घरच्यांनी औषध थांबवून मुंबईची तिकिटे पाहायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, "सीटी स्कॅनपर्यंत थांबा."

त्या सल्ल्यामागे शास्त्र होते. सीईए हे प्रथिन 1965 मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी शोधले. गाठीतील पेशी मरू लागल्या की ते रक्तात अधिक उतरते, असे मानले जाते. म्हणून उपचाराच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत, विशेषतः ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असताना, औषध लागू पडत असूनही आकडा चढू शकतो. धूम्रपानाने आणि यकृताच्या विकारांनीही तो वाढतो. काही गाठी तर हे प्रथिन फारसे स्रवतच नाहीत.

हल्ली जिच्या बातम्या होतात, ती चाचणी गाठीतून रक्तात आलेले डीएनएचे तुकडे मोजते. रक्तातील सीईए निम्मे व्हायला काही दिवस लागतात; हे तुकडे मात्र साधारण दोन तासांतच निम्मे होतात. त्यामुळे ते आजची स्थिती दाखवतात. औषधाला दाद न देणारी के-रास जनुकातील उत्परिवर्तने स्कॅनच्या कित्येक महिने आधी रक्तात दिसू शकतात, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

येथे भौतिकशास्त्राला परिचित अशी एक अडचण येते, ती मोजणीची. एका नळीतील रक्तद्रवात जनुकसंचाच्या काही हजार प्रतीच असतात. त्या पाच हजार धरल्या आणि दहा हजारांत एकच प्रत गाठीची असेल, तर ठरावीक एक उत्परिवर्तन त्या नळीत न सापडण्याची शक्यता सुमारे 60 टक्के असते. म्हणूनच अनेक उत्परिवर्तने एकत्र शोधली जातात. 'आढळले नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही.

आत्याचे पुढचे आकडे 44 आणि 29 आले. स्कॅनमध्ये यकृतातील गाठी लहान झालेल्या दिसल्या. आजार गेलेला नाही, उपचार चालू आहेत. पण त्या एका 61 पायी लागू पडत असलेले औषध बंद झाले असते. अहवाल हाती आला की आधी तीन गोष्टी विचाराव्यात: मागचा आकडा याच पद्धतीने मोजला होता का, उपचाराचा हा कितवा आठवडा, आणि स्कॅन काय सांगतो?