सुट्टीतही क्रम हवाच


शाळा बंद झाली की माझ्या स्वमग्न लेकाचा धीर सुटतो. पुढे काय होणार हे कळलं नाही, की तो कान झाकून ओरडतो. म्हणून दिवसभराच्या कामांची चित्रं मी क्रमाने भिंतीवर लावते. काम झालं की ते चित्र तो स्वतः काढतो.

सकाळी पाणी गाळताना फडकं तोच धरतो. मग मूग-चवळी वेगळी करणं, 108 मण्यांची माळ ओढणं, णमोकार मंत्र रोज त्याच चालीत. आणि आपलं सूर्यास्तापूर्वीचं जेवण म्हणजे तर तयार वेळापत्रकच!

पाहुणे म्हणतात, "एवढे लाड कशाला?" हे लाड नाहीत, त्याचा आधार आहे. तुमच्याही घरी असं लेकरू असेल, तर एका चित्रापासून सुरुवात करा.