तरवडासोबत जातंय ते

साल. तरवड हे माळावरचं पिवळ्या फुलांचं झुडूप; त्याच्या सालीत टॅनिन शेकडा १८ च्या आसपास. बाभळीची साल, हिरडा आणि ही, यांवर ढोर समाजाचे कारागीर कातडं कमावत. कातड्याची पिशवी शिवायची, सालीचं पाणी भरून टांगायची, दिवसचे दिवस मुरू द्यायची. मद्रासकडचा कातडी धंदाही याच सालीवर उभा होता. मग आफ्रिकेतून वॅटल झाडाची साल आली, पुढे कातडं कमावायला क्रोमची रसायनं आली आणि तरवड सोलणारे हात थांबले.

मोट. विहिरीतून पाणी उपसायची, अशाच कमावलेल्या कातड्याची. विहिरीवर आधी इंजिन बसलं, मग विजेची मोटार. मोटेमागोमाग नाडा, सोंदूर हे तिचे दोर आणि बैलांची धाव गेली.

दातवण. शेताकडे जाता जाता मोडून घेतलेली तरवडाची काडी.

पाला. दक्षिणेत भाताच्या चिखलात तुडवायचा. त्या जागी आता युरियाची गोणी.

घटाची माळ. नवरात्रात घटावर रोज एक चढते. माळाकाठच्या गावांत पोरं सकाळीच तरवडाची पिवळी फुलं, कारळ्याची फुलं तोडून आणत. आता बाजारातला झेंडू येतो. तेलंगणात बतुकम्मा हा फुलांचा मनोरा रचताना तरवडाचं फूल थरावर थर लावतात. २०१४ मध्ये त्या राज्याने त्याला राज्यफुलाचा मान दिला.

भुंगा. तरवडाच्या फुलात मध नसतो, नुसता पराग, तोही परागकोशाच्या टोकाशी बारीक छिद्राआड. भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. पिवळसर पांढऱ्या भटक्या फुलपाखरांच्या अळ्या याच्या पानांवरही वाढतात.

माळ. सगळ्यात मोठी नोंद ही. तरवड अजून बांधावर, रस्त्याकडेला दिसतो. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून चरून उघड्या पडलेल्या मुरमावरही तो तग धरतो. पण जेसीबीपुढे त्याचं काही चालत नाही. कागदावर माळ ‘पडीक’ असतो, म्हणून तिथे प्लॉट पडतात, सौर पॅनेल बसतात. हिरवाईच्या नावाखालीही तरवड उपटला जातो आणि मध्य अमेरिकेतून आलेलं गिरिपुष्प लावलं जातं.

पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसात, कुणी पाणी न घालता जे झुडूप माती धरून उभं आहे, त्याची जमीन पडीक नाही. वृक्षारोपणाचा खड्डा खणण्याआधी तिथे काय उगवलंय ते पाहावं. तरवड असेल, तर ती जागा लागवडीच्या यादीतून काढून तशीच राखावी.